माईंच्या पडद्यावरची मराठी

माई म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही दोघं एकाच इस्पितळात कामाला. त्या कपड्यांच्या कोठीच्या प्रमुख आणि मी संगणक विभागाचा सर्वेसर्वा. म्हणजे विभागात मी एकटाच.

चादरी-अभ्रे मागवायचं काम नव्या वेबसाइटवर गेलं, तेव्हा माईंचा फोन आला. "जावईबापू, हे सगळं इंग्रजीत आहे. मराठीत करून द्याल?"

दुसरा कोणी असता तर कोठीत जाऊन, सेटिंग उघडून, भाषा बदलून मोकळा झाला असता. पण माउसला हात लावणं मला कमीपणाचं वाटतं. मी बसल्या जागेवरून काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा दिली: आधी वापरणाऱ्याचं नाव, मग भाषेची खूण. यंत्राने हूं की चूं केलं नाही.

"झालं! पान पुन्हा उघडा," मी ऐटीत म्हणालो.

आठवड्याने बायको म्हणाली, "आई तुझं फार कौतुक करत होती." झालं, आणखी थोडं कौतुक पदरात पडावं म्हणून मी स्वतःच कोठीत गेलो.

"काय अदबीने बोलतं हो तुमचं यंत्र!" माई म्हणाल्या. "प्रत्येक गोष्ट विचारून करतं."

पडद्यावर बटणं होती: 'रद्द करू', 'बन्न करू'.

"मी म्हणते, कर बाबा. आता 'बंद'चं ते 'बन्न' झालेलं पाहिलं मी. पण तुमचं शुद्धलेखन कच्चं आहे हे पोरीने लग्नाआधीच सांगितलं होतं, म्हणून बोलले नाही."

माझे कान तापले. जागेवर येऊन पाहिलं. माईंचं खातं एम-ए-आय या नावाचं, आणि घाईत भाषेच्या जागीही मी एम-ए-आयच ठोकलं होतं. ती मैथिलीची, म्हणजे बिहारकडच्या एका भाषेची खूण. मराठीची एम-आर. मैथिलीत 'करू' म्हणजे आपलं 'करा'. मी गुपचूप दुरुस्ती केली.

लगेच फोन वाजला. "जावईबापू, यंत्राचं काही बिनसलंय का? नुसतं 'करा, करा' म्हणून हुकूम सोडतंय."

मग सगळं सांगावंच लागलं. पलीकडे असं हसू फुटलं की मी फोन कानापासून लांब धरला. "अगं बायांनो, ऐकलंत का?" त्यांनी कोठीतल्या बायकांना हाक मारली. संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरापासून शस्त्रक्रियेच्या खोलीपर्यंत सगळे मला 'करू का?' विचारून जात होते.

"पण मला तेच परत लावून द्या," माई संध्याकाळी पुन्हा फोन करून म्हणाल्या.

"अहो, कळणार कसं?"

"इतके दिवस कळलंच की. आणि पडद्यावर ते 'अहाँ' यायचं, ते म्हणजे काय हो?"

"तुम्ही. मान देऊन."

"मग तर तेच हवं."

मी तीच चुकीची आज्ञा पुन्हा टाइप केली. या वेळी चूक होऊ नये म्हणून एकेक अक्षर तपासून.