दोन बोटांनी झिजवलेला क्लच

मी एक जुना क्लच आहे, मोटारसायकलचा. मित्रांनो, अख्ख्या गाडीत माझ्याइतकं महत्त्वाचं कोणी नाही, हे आधीच सांगून टाकतो. इंजिन नुसतं बोंबलतं, चाक नुसतं गरगरतं. त्या दोघांचं जुळवून देतो तो मी. आणि आजवर मी कुणालाही भर रस्त्यात तोंडघशी पाडलेलं नाही.

म्हणजे, एका शनिवारपर्यंत पाडलं नव्हतं. त्या शनिवारी आमचे मालक मागे शाळेच्या छप्पन्न चड्ड्यांचं गाठोडं बांधून चढ चढत होते. इंजिन ओरडायला लागलं. मालकांनी मूठ आणखी पिळली, इंजिन आणखी ओरडलं, आणि गाडी मात्र विचारात पडल्यासारखी जागच्या जागी. मला धरवतच नव्हतं. आधी एक सायकलवाला पुढे गेला. मग फ्लॉवरची पिशवी घेऊन चालणारे एक आजोबा पुढे गेले. जाता जाता त्यांनी मालकांना विचारलं, "ढकलू का जरा?"

तर अशी माझी अब्रू गेली. पण ती काही एका दिवसात गेली नाही, ते ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. चार खरखरीत चकत्या, त्यांच्या मध्ये तीन गुळगुळीत लोखंडी, वरून स्प्रिंगांचा दाब, असा सगळा मिळून मी एक. हँडलजवळची डावी दांडी दाबली की आमच्या चकत्या एकमेकींपासून सुटतात. दांडी सोडली की घट्ट चिकटतात आणि इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोचवतात. घर म्हणाल तर इंजिनाच्या उजव्या कुशीतला एक बंद डबा. आत काळं तेल आणि मिट्ट काळोख. माणसं मी कधी पाहिलीच नव्हती, बाहेरचं सगळं मला त्यांच्या गप्पांतून कळायचं. मी त्यांना डाव्या हातावरून ओळखायचो.

मालक शिंपी. घरात सगळे त्यांना बाबा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. मशीनवर डावा हात कापडावर हलकासा ठेवायचा आणि कापड पुढे सरकवत राहायचं, ही त्यांची तीस वर्षांची सवय. गाडीवर बसले तरी ती सुटत नाही. दोन बोटं कायम माझ्या दांडीवर. पूर्ण दाबायची नाहीत, पूर्ण सोडायची नाहीत, नुसती ठेवायची, जणू गाडी हातातून निसटून खाली पडेल. त्यामुळे मी धड चिकटलेला नाही, धड सुटलेला नाही, दिवसभर आपला घासतोय. तरी नऊ वर्षं मी कुरकुर केली नाही. "गाडी बघा कशी लोण्यासारखी चालते," असं बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, आणि मी तेलातल्या तेलात फुगायचो.

त्या शनिवारच्या दोन महिने आधी एक नवा हात आला. बाबांच्या लेकीचा. तिने लहानपणी दुकानातलं एक बटण गिळलं होतं, तेव्हापासून तिला बटणच म्हणतात. तिचा हात म्हणजे सुख. दाबला की दाबला, सोडला की सोडला. पहिल्याच दिवशी मी मनात म्हटलं, ही आधी का नाही आली?

आता शनिवारचा घोटाळा असा की सोमवारी सकाळी दहाला बटणची लायसन्सची टेस्ट होती. रक्त तपासणाऱ्या एका लॅबने तिला घरोघरी जाऊन नमुने आणायच्या कामाला घेतलं होतं. अट एकच, मंगळवारी टेस्ट पास झाल्याची पावती दाखवायची. नाहीतर दुसरी मुलगी तयारच होती. टेस्टला गाडी गियरची हवी आणि आपली आपण आणायची. आणि आमचा मेकॅनिक मेव्हण्याच्या घराचा स्लॅब टाकायला गेलेला, तो बुधवारी उगवणार.

"कोटाचे बावीस तुकडे असतात," बाबा म्हणाले. "याचे सात. घरीच बदलतो. उद्या दुपारी तयार."

आई दुकानात काज-बटणं करते. तिने हातातली सुई न थांबवता विचारलं, "उद्या म्हणजे गिऱ्हाइकांना सांगता तो, की खरा?"

संध्याकाळी बापलेक नव्या चकत्या आणायला गेले. दुकानदाराने गाडीची लक्षणं ऐकली आणि विचारलं, की हाफ क्लचवर, म्हणजे दांडी अर्धवट दाबून, कोण चालवतं? बाबांनी सांगून टाकलं, मुलगी शिकतेय ना. मुलगी शेजारीच उभी होती. घरी आल्यावर ती ओट्यावर, माझ्या अगदी जवळ बसली आणि आईला म्हणाली, "मीच घालवला असेल क्लच, तर टेस्टला जाऊन काय करू? जाऊ दे ते काम."

मित्रांनो, मी डब्यात नुसता तडफडलो. नऊ वर्षांचा साक्षीदार मी. पण क्लचला तोंड नसतं.

रविवारी सकाळी गाडी ओट्यावर जुन्या गादीवर डाव्या कुशीवर आडवी केली, म्हणजे तेल सांडत नाही. बाबांनी किक काढली, ब्रेकचा पायटा काढला, झाकणाचे बोल्ट काढले आणि बटणांच्या डब्याच्या खणांत एकेक करून ठेवले. इथपर्यंत कोणालाही वाटलं असतं की माणूस जाणकार आहे. मग झाकण उचललं आणि जन्मात पहिल्यांदा माझ्यावर उजेड पडला.

तीन डोकी माझ्यात वाकून बघत होती. बाबा माझ्या कल्पनेपेक्षा खूपच टकले निघाले. त्यांनी माझ्या चकत्या एकेक करून बाहेर काढल्या, अंगठ्याने चाचपल्या, गळ्यातली टेप लावून मोजल्या आणि निदान केलं, "विरलंय."

झाकण आणि इंजिन यांच्या मध्ये एक कागदी पट्टी असते, तिला पॅकिंग म्हणतात. ती फाटली होती. दुकानदाराकडे तयार नव्हती, त्याने कोरा कागद देऊन घरी कापा म्हणून सांगितलं होतं. कापायचं म्हटल्यावर बाबांच्या अंगात आलं. खडूने आखणी झाली, मोठी कात्री झरझर फिरली, बोल्टांच्या भोकांना सुबक लांबट काजं पाडली गेली. पॅकिंग लावून बघितलं तर इंजिनाला चारी बाजूंनी झालर लागली होती.

बटणने झालर बोटाने उचलून बघितली. "बाबा, इंजिन जाड होणार आहे का?"

"अर्धा इंच मार्जिन ठेवलंय," बाबा म्हणाले. "पुढेमागे उसवून मोठं करता येतं."

आईने कात्री काढून घेतली. झाकणाच्या कडेला तेलाचं बोट फिरवलं, उरलेला कागद त्यावर दाबला, छाप उमटला, तसा कापला. चोख बसला. बाबांनी पहिलं पॅकिंग घडी करून खिशात ठेवलं, वाया जायला नको म्हणून.

नव्या चकत्या रात्रभर तेलात भिजवायच्या असतात, कोरड्या घातल्या तर जळतात. बाबांनी त्या शनिवारीच पातेल्यात इंजिनचं तेल ओतून नीट भिजत घातल्या होत्या, आणि पातेलं मोरीजवळ ठेवलं होतं. हे त्यांनी सगळ्यांना सांगितलं, फक्त आत्याला सांगितलं नाही. बाबांची ही थोरली बहीण रविवारी सकाळीच राहायला आली होती आणि तिला घाण दिसली की राहवत नाही. बाबा चकत्या आणायला आत गेले तर पातेलं आरशासारखं चकाकत होतं. चकत्या मागच्या दोरीवर, चिमटे लावून, उन्हात ओळीने वाळत होत्या. कोरड्या ठणठणीत, साबणाच्या वासाच्या.

"काय तेलकट झाल्या होत्या रे," आत्या म्हणाली. "तीनदा घासल्या तेव्हा निघालं."

बाबा ओट्यावर येऊन मटकन बसले. बटण उठली, चकत्या साध्या पाण्याने विसळून आणल्या, पुसल्या, परत तेलात घातल्या. संध्याकाळपर्यंत थांबायचं ठरलं. आत्याला पातेल्यासमोर पाट टाकून बसवलं आणि पहारा करायला सांगितलं. तिने तो इतका चोख केला की बाबांनाही दोनदा हाकललं.

रिकामा वेळ वाईट असतो. बाबा आडव्या गाडीचं हँडल फडक्याने पुसत होते. पुसता पुसता हात थांबला. माझ्या दांडीवर दोन निळे डाग होते, शेजारी शेजारी, बोटांच्या रुंदीचे. निळ्या खडूचे. कापडावर आखून आखून तो खडू बाबांच्या बोटांना कायमचाच असतो. बटणने कधी खडू हातात धरलेला नव्हता. बाबांनी ते डाग घासले. जाईनात. नऊ वर्षं मुरलेले.

आई बघत होती. "ते डाग आत्याकडे द्या," ती म्हणाली.

बाबांनी लेकीला हाक मारली. ती आली. त्यांनी दांडी दाखवली, मग आपली दोन बोटं त्या डागांवर ठेवली. बरोब्बर बसली.

"क्लच तू नाही घालवलास," ते म्हणाले. "मी घालवला. आणि दुकानात तुझं नाव सांगितलं."

बटण म्हणाली, "उद्या त्या दुकानात जाऊन हेच सांगायचं. मोठ्याने. मी बाहेर उभी राहून ऐकेन."

"सांगतो."

"उद्या म्हणजे खरा उद्या."

दिवस मावळायच्या आत नव्या चकत्या बसल्या, स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळले, आईचं पॅकिंग, वर झाकण. गाडी उभी केली. दांडीला थोडी ढिलाई ठेवून केबल जुळवली. बाबा सवयीने पुढे सरसावले, पण थबकले आणि बटणला बसायला सांगितलं. तिने किक मारली, पहिला गियर टाकला, दांडी अलगद सोडली. गाडी अशी निघाली की तिच्यात आधी मी होतो हे कुणाला खरं वाटू नये. जरा लागलं मनाला. पण जरासंच.

टेस्ट मी पाहिली नाही. मात्र बाबांनी ती गिऱ्हाइकांना इतक्यांदा सांगितली आहे की मला पाठ आहे. आठाचा आकडा एका दमात, पाय एकदाही जमिनीला नाही, साहेबांनी लगेच सही ठोकली. परतीच्या वाटेवर बाबा स्पेअर पार्टच्या दुकानात गेले आणि ठरलं होतं तसं, चार लोकांसमोर, बोलले. मंगळवारी पावती दाखवून बटण कामाला लागली.

हल्ली मी दुकानात असतो. माझ्या चकत्या दोऱ्याने एकत्र बांधल्या आहेत. कापड कापताना सरकू नये म्हणून बाबा मला त्यावर ठेवतात. उजेड असतो, गप्पा असतात, घासणं नाही. मित्रांनो, तुमच्याही घरी कोणीतरी काळोखात बसून तुमचा सगळा जोर पेलत असेल. त्याला दाबायचं तर नीट दाबा आणि सोडायचं तर नीट सोडा. नुसतं दोन बोटांनी टेकून राहू नका.

परवा बटणचं लायसन्सचं कार्ड आलं. अर्ज बाबांनी भरला होता, छान वळणदार अक्षरात. कार्डावर फोटो बटणचा आहे. नाव आणि जन्मतारीख बाबांची आहे.