आता हूँ

खुर्चीत बसले आणि दिनकरराव थेट आरपारच गेले. वेताची वीण मधोमध फाटली, गुडघे हनुवटीला टेकले, कंबर चौकटीत अडकली. नोएडातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हात द्यायला कोण होतं? खटपट करून एकदाचे सुटले. स्वतःचं ध्यान आठवून त्यांना हसू फुटलं, पण एकट्यानं हसून हसून किती हसणार?

खुर्ची बायकोची, नीलाबाईंची. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये असल्यापासून त्या मेथी निवडायला तिच्यातच बसायच्या. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा शार्दूल बंगलोरला, कॉम्प्युटरच्या नोकरीत. तो फोनवर म्हणाला, बाबा, फेकून द्या ना यार, प्लास्टिकच्या मस्त मिळतात आता. दिनकररावांनी बरं म्हटलं आणि खुर्ची सायकलरिक्षात घालून सेक्टरच्या बाजारात नेली.

तिथे कडुनिंबाखाली इद्रीसमियाँ खुर्च्या विणत. त्यांनी जुना वेत सुरीनं कापून काढला. नीलाबाईंच्या बसण्यानं पडलेला झोळही त्याबरोबर गेला. परवा तयार होईल, मियाँ म्हणाले. "अच्छा, आता हूँ," म्हणून दिनकरराव घरी आले.

परवा गेले, तर खुर्ची तयार, पण मियाँ घुश्शात. मान वर करून बघायलाही तयार नाहीत. शेवटी फणकारले.

"बाबूजी, परसों आप बोलके गए, आता हूँ. हम अँधेरा होने तक बैठे रहे. आपकी चाय मँगवाई, वो भी ठंडी हो गई."

दिनकरराव पार खजील झाले. हिंदीत 'आता हूँ' म्हणजे आलोच लगेच. अख्खी नोकरी दिल्लीत काढली, केंद्र सरकारच्या फायली उपसल्या, तरी यांची हिंदी म्हणजे टोपी घातलेली मराठीच! त्यांनी परोपरीनं समजावलं. आमच्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, अभद्र वाटतं. 'येतो' म्हणायचं नि निघायचं. चुकून कुणी 'जातो' म्हणालंच, तर बायको त्याला उंबऱ्यातून परत बोलवायची.

"अस्पताल जाते वक्त वो भी यही बोली थी," दिनकरराव म्हणाले. "आती हूँ."

मियाँनी हातातला वेत खाली ठेवला. त्यांनी समोरच्या टपरीवर दोन चहा सांगितले.

चहा पिताना दिनकररावांच्या डोक्यात एकच घोळत होतं. हा माणूस आपल्यासाठी अंधार पडेपर्यंत बसून राहिला. चुकून का होईना, कुणीतरी त्यांची वाट बघितली होती. नीलाबाई गेल्यापासून अशी कुणी बघितली नव्हती. त्यांना फार बरं वाटलं, आणि तेवढंच रडूही आलं. ते त्यांनी चहाबरोबर गिळलं.

रिक्षा आली. खुर्चीची नवी बैठक ताठ, सपाट, अजून कुणाचीच न झालेली. पुन्हा घोटाळा नको म्हणून दिनकरराव जपून, अगदी शुद्ध हिंदीत म्हणाले, "अच्छा मियाँ, चलता हूँ."

मियाँनी मान हलवली. "ऐसे नहीं. अपनी वाली बोलिए."

दिनकररावांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "आता हूँ."

"कब?" मियाँनी विचारलं.

हा प्रश्न विचारणारं दिनकररावांना बऱ्याच दिवसांत कुणी भेटलं नव्हतं.