एकशे सव्वीस क्रमांकाचा फॉर्म

खुणेच्या आधी एक ठिपका. पेन कागदावर टेकवून माणूस क्षणभर थांबलाय, आणि मग त्या ठिपक्यातूनच तिरकी रेघ वर गेलीय, टोकाशी किंचित वळलेली... वीसच्या वीस खुणा तशाच. तिचं बोट संगणकाच्या कळेवर तसंच राहिलं. सामानाच्या यादीवर, विजेच्या बिलावर, तपासलेल्या वह्यांवर ती बारा वर्षं हा ठिपका पाहत आली होती. नवरा कुठलीही गोष्ट बरोबर आहे असं म्हणण्याआधी एवढं थांबायचाच.

फॉर्मवर नाव नव्हतं, कुणाच्याच नव्हतं. नुसता क्रमांक, एकशे सव्वीस. चौदा शाळांमधल्या शिक्षकांच्या मनःस्वास्थ्याची पाहणी चालू होती आणि भरून आलेले फॉर्म संगणकात चढवायचं काम तिच्याकडे होतं. त्यात त्याची शाळाही आहे हे तिला ठाऊक होतं. 'आमच्याकडेही येऊन गेले तुमचे लोक,' एवढंच तो मागे एकदा जेवताना म्हणाला होता, आणि तिनेही पुढे विचारलं नव्हतं. ओळखीचा फॉर्म हाती आला तर न वाचता बाजूला ठेवायचा आणि मॅडमकडे द्यायचा, असा नियम होता. मॅडम म्हणजे प्रकल्पप्रमुख. त्या आज बाहेर होत्या. पण नियम तसा सोपाच होता — फॉर्म उचलायचा, पालथा घालायचा. तिने उचललाही... आणि वाचला.

सकाळी कामावर जावंसं वाटतं — नेहमी. आपण करतो त्याला अर्थ आहे असं वाटतं — नेहमी. गेल्या दोन आठवड्यांत मनापासून हसलात — बहुतेक वेळा. मन मोकळं करायला कुणीतरी आहे — नेहमी.

कोण आहे?

ती खुर्चीत मागे टेकली. तिला राग आला नव्हता, भीतीही वाटली नव्हती. कुणीतरी घरातलं कपाट हलवावं आणि मागची भिंत वेगळ्याच रंगाची निघावी, तसं काहीतरी. कारण तिच्या मनात जो नवरा होता तो अजून पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेला होता. सात वर्षांपूर्वीचे ते दोन महिने. डॉक्टर म्हणाले होते, नैराश्य आहे, जपा. तिने जपलं. रेडिओ बंद झाला, भांडी आवाज न करता लावायची सवय लागली, पाहुण्यांना परस्पर काहीबाही सांगून वाटेला लावलं. तो उठला, औषधं सुटली, शाळेत जायला लागला, तरी तिने जपणं सोडलं नाही. कधी सोडायचं ते डॉक्टरांनी सांगितलंच नव्हतं! या कामातही ती त्यामुळेच आली होती. माणसाच्या आत काय चालतं ते निदान आकड्यांत तरी कळेल म्हणून. आणि कळलं ते हे. वीस उत्तरांचे मिळून शंभरपैकी एक्क्याण्णव.

अठरावा प्रश्न मात्र निराळा होता. घरी मला आहे तसं राहता येतं — क्वचित.

इथला ठिपका जरा मोठा होता. शाई पसरली होती.

तिने सगळे आकडे भरले, एकही न चुकता, आणि एकशे सत्तावीस उघडला.

दुपारी सांख्यिकीचं बघणारा सहकारी टेबलाशी आला. ऑफिसात त्याला सगळे 'सरासरी' म्हणत, कारण चहासुद्धा त्याला ना फार गोड लागायचा ना फार कडक.

"एकशे सव्वीस जरा बघशील? सगळ्यांपासून लांब पडतोय."

"लांब म्हणजे?"

"इतका सुखी मास्तर कुठे असतो? न वाचता ओळीने नेहमी-नेहमी करत सुटला असणार. काढून टाकू या."

काढून टाकू या. ती गप्प राहिली असती तर झालंही असतं. एक कळ, आणि तो फॉर्म भरलाच गेला नव्हता. मग नवरा पुन्हा तिला माहीत असलेला नवरा. तिला हेही जाणवलं की मोह होतोय, आणि ती तो मोह जरा दुरून, दुसऱ्या कुणाचा असावा तसा बघत होती.

"त्याने वाचून भरलाय," ती म्हणाली.

"कशावरून?"

"उलटे प्रश्न बघ ना. 'शाळेत जाऊच नये असं वाटतं', 'थकल्यासारखं वाटतं'. तिथे त्याने 'कधीच नाही'वर खूण केलीय. न वाचता करणारा तिथेही 'नेहमी'च करेल. आणि अठरावा बघ."

सरासरीने चष्मा वर सरकवला. "हं. घरी काहीतरी बिनसलंय वाटतं बिचाऱ्याचं."

"बिनसलेलं नाही," ती चटकन म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. "ओळखीचा आहे?"

"हो."

"मग तू बघायलाच नको होतंस."

"हो," ती म्हणाली. "मॅडमना उद्या मी सांगते."

"ठीक आहे," तो म्हणाला. " राहू दे तो." आणि गेला.

संध्याकाळी इमारतीचा जिना चढताना दुसऱ्या मजल्यापासूनच तिला शिट्टी ऐकू आली. कुणीतरी जोरात, मजेत शिट्टी वाजवत होतं. सूर मधेच घसरत होता आणि घसरला की पुन्हा पहिल्यापासून. शेजारचे असतील म्हणून ती चढत राहिली. दारापर्यंत आली तेव्हा कळलं, आवाज आपल्याच घरातून येतोय. तिने किल्ली फिरवली. शिट्टी थांबली.

तो टेबलाशी वह्या घेऊन बसला होता. "आलीस? दमलीस का?" त्याने हळू, कडा घासून काढलेल्या आवाजात विचारलं. हा आवाज आपण ओळखतो, तिला वाटलं... हा माझाच आवाज आहे. सात वर्षं मी याच्याशी ज्या आवाजात बोलत आले, तो.

"शिट्टी का थांबवलीस?"

तो ओशाळला. "तुझं डोकं दुखतं ना संध्याकाळी."

तिला आधी संदर्भच लागेना. मग आठवलं — तेव्हा, त्या दोन महिन्यांत, न्हाणीघरातून डोळे लाल करून बाहेर आली की ती सांगायची, डोकं दुखतंय. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसाने ते ऐकलं असेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

"नाही दुखत माझं डोकं."

"कधीपासून?"

तो पेन हातात धरून वाट पाहत होता, नेहमीसारखा थांबून. तिने पर्स खुर्चीवर टाकली — ती घसरून खाली पडली, बराच आवाज झाला — आणि दोघांपैकी कुणीही ती उचलायला वाकलं नाही. आता हा पुन्हा शिट्टी वाजवेल का, आणि वाजवली तर आपण स्वयंपाकघरात जायचं की इथेच बसून ऐकायचं, एवढंच तिच्या मनात होतं. आणि इतकं थोडं मनात असण्याची सवय नसल्यामुळे ती तिथेच उभी राहिली.