रिकामी फेरी

कोणाचं आधी घ्यायचं, असं रामरावांनी विचारताच पूनमनं मलिहाकडे बोट केलं. "हिचंच घ्या सर. हिनंच शिकवलं मले."

मलिहाला बरं वाटलं. आपल्या माणसानं असं नाव घेतलं की कुणालाही वाटतं.

खामगावातल्या त्या छोट्या ऑफिसात जिनिंगवाल्यांच्या अगडबंब फाइलींतून कापसाच्या गाठींचे नंबर वेचायचं काम चाले. पर्ल या संगणकभाषेत एक पॅटर्न लिहायचा, तो जुळेल ती ओळ उचलायची. काम आता कमी झालं होतं. दोघींपैकी एकीलाच ठेवायचं होतं. मालक रामराव, पण निवाडा त्यांनी मशीनवर ढकलला होता. जिचा पॅटर्न वेगात धावेल ती राहील. आपल्या तोंडानं कुणाला नाही म्हणायला नको, एवढीच त्यांची हुशारी.

पॅटर्न जवळपास सारखेच होते. असणारच, पूनमचा पहिला पॅटर्न मलिहानंच शेजारी बसून लिहून घेतला होता. आणखी एक शिकवलं होतं. नुकत्याच चालू केलेल्या मशीनला फाईल डिस्कवरून ओढावी लागते, म्हणून पहिली फेरी रखडते. दुसऱ्या फेरीला ती मेमरीत तयार असते. तेव्हा वेळ मोजण्याआधी एक रिकामी फेरी मारायची. सकाळी जी आधी येई ती हे करून ठेवी. आज पूनम आधी आली होती.

मलिहाचा पॅटर्न रखडला. मग पूनमचा सुटला तो थेट शेवटाला. रामराव हळहळले आणि सुटल्यासारखे बाहेर गेले.

"रिकामी फेरी मारली होती ना?"

पूनम पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत राहिली. "राहून गेली."

"मंग माहं आधी काऊन लावलं?"

"मले बी घर आहे, मलिहा."

मलिहाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाच तिला जास्त राग आला. तिनं दोन्ही पॅटर्न पुन्हा लावले. आता दोन्ही बरोबरीनं धावले, तिचा जरासा पुढेच. तिनं रामरावांना बोलावून आणलं, काय झालं ते सांगितलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही.

"मशीनचा निकाल हाय," ते म्हणाले. "त्याले म्या काय करू?"

दुपारी डबा, ओढणी, चष्म्याचं घर पर्समध्ये भरून ती निघाली. तेवढ्यात नवी फाईल आली होती. पूनमनं ती उघडली, प्रोग्राम सुरू केला आणि हात मांडीवर ठेवून बसली. ती वेळ मोजत नव्हती. आधी रिकामी फेरी मारत होती.