थरथरत्या रेघांची होडी

मी एक जुना पत्त्यांचा खेळ आहे. पण मित्रांनो, मला पिसायला जाल तर हाती काही लागणार नाही. माझे पत्ते कागदाचे नाहीत, मी संगणकात राहतो. आम्हा संगणकातल्या खेळांना म्हातारपण फार लवकर येते. तुमचे दुधाचे दात पडून नवे येईपर्यंत आमचे केस पिकलेले असतात.

माझे नाव 'आणखी एक खेप'. माझ्यात एक नदी आहे आणि एक होडी. तुम्ही नावाडी. होडीतल्या माणसांना पलीकडच्या काठावर पोचवायचे, एवढेच तुमचे काम. तुमच्या हातात पत्ते येतात: वल्हे, दोर, शीळ, धीर, असे. समोरून नदीही तिचे पत्ते टाकते: खडक, धुके, भोवरा, पूर. वेळेला योग्य पत्ता टाकला तर होडी पुढे सरकते, चुकला तर उलटते. होडी बुडाली की माणसे पोहत काठाला लागतात (कुणी मरत नाही, काळजी नको) आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. मात्र पुन्हा निघालात की नदी तीच राहत नाही. वळणे बदलतात, पत्ते बदलतात. काल पाठ केलेली वाट आज कामाला येत नाही.

मला कुठल्या मोठ्या कंपनीने घडवले नाही. माझा जन्म दोन खोल्यांच्या घरात, जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर झाला. मला लिहिले एका मुलीने. मुलगी म्हणजे चांगली मोठी, नोकरी करणारी. पण तिचे बाबा तिला 'ठमे' अशी हाक मारत, म्हणून मीही तिला ठमीच म्हणणार. एरवी ती एका दवाखान्याच्या संगणकासाठी कोड लिहायची. सुट्टीच्या दिवशी मात्र नाश्ता झाला की टेबल पुसून लॅपटॉप उघडायची आणि माझ्याशी बोलत बसायची.

आधी चित्रेही तिनेच काढली. ती पाहायला आई आली. पदराने चष्मा पुसून तिने पडद्यावर डोळे बारीक केले.

"चप्पल छान जमलीय गं," आई म्हणाली. "पण दुसऱ्या पायाची कुठंय?"

"आई, ती होडी आहे!"

"असं होय! मग बाबांना का नाही सांगत? घरात पेंटर असून तू चपला काढत बसलीस ती?"

ठमीचे बाबा खरेच पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, बसवरचे आकडे, सगळे त्यांनी हाताने रंगवले होते. मोजपट्टी न लावता ते हातभर सरळ रेघ ओढत आणि बघणारा मागे थांबून राही. पुढे यंत्रावर छापलेले चकचकीत बोर्ड आले. एकेक दुकानदार "काका, सध्या नको" म्हणू लागला. बाबांनी ब्रश डब्यात उभे करून ठेवले, आणि ते खिडकीत बसून समोरच्या रस्त्यावरच्या पाट्या वाचू लागले. कुठल्या पाटीवर कुठले अक्षर वाकडे आहे हे त्यांना तोंडपाठ होते.

ठमीने विचारल्यावर ते म्हणाले, "पत्त्यांना मी हात लावत नाही. पत्त्यांपायी माणसांची घरं बसलेली पाहिलीत मी."

"बाबा, इथे कुणी कुणाचं काही जिंकत नाही. होडी बुडाली की परत निघायचं, बस."

"परत निघायचं?"

"हो."

"मग हरलं कोण?"

"कुणीच नाही."

बाबा परत खिडकीत जाऊन बसले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत ब्रश धुतल्याचा आवाज आला. आईने ठमीला डोळ्यांनीच खुणावले, 'गप्प बस, काही विचारू नकोस.'

तिथून माझे खरे रूप सुरू झाले. बाबा जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर एकेक पत्ता रंगवत आणि ठमी त्याचे चित्र संगणकात घेई. शिळेचा पत्ता काढताना ओठ कसे होतात हे पाहायला बाबा आरशासमोर उभे राहून शीळ घालत बसले. शेवटी शेजारीण दार वाजवून विचारून गेली, "कुणाला बोलावताय का?" धीराचा पत्ता तर काही केल्या जमेना. धीर दिसतो कसा? बाबांनी सिंह काढला, डोंगर काढला, दोन्ही फाडले. मग एका दुपारी त्यांनी आईचा हात काढला. गरम भांडे फडक्याने धरलेला हात.

आईने तो पत्ता पाहिला. "इश्श, माझा हात कशाला? चटके बसून बसून बघा कसा झालाय."

"म्हणूनच," बाबा म्हणाले आणि पुढच्या पत्त्याला लागले.

आई माझी पहिली खेळाडू. ती हमखास बुडायची. भोवरा आला की "मेल्या, परत आलास का!" म्हणून ती मला रागे भरायची, आणि तिकडे गॅसवर दूध उतू जायचे. मला तिचा राग फार आवडे. आपल्यावर कुणीतरी इतके मनापासून चिडते, म्हणजे आपण जिवंत आहोत असे वाटे.

सगळ्यात शेवटी पुराचे पत्ते उरले होते. त्या वेळी बाबांच्या उजव्या हाताला कंप सुटला. पहिल्यांदा ते म्हणाले, "ब्रशचे केस गेलेत." नवा ब्रश आणला. मग म्हणाले, "टेबल हलतंय," आणि टेबलाच्या पायाखाली त्यांनी कागदाची घडी सारली. टेबल कधीच हलत नव्हते. ठमीला कळत होते, आईला कळत होते, पण तिघेही काही दिवस त्या टेबलालाच दोष देत राहिले.

शेवटी डॉक्टरांकडे जावे लागले. कंपवात होता. डॉक्टर म्हणाल्या, "गोळ्यांनी कंप कमी होईल. पूर्ण थांबणार नाही." घरी आल्यावर बाबा थोडा वेळ खिडकीत बसले. मग उठून टेबलाशी आले. "पूर राहिलाय," म्हणाले.

ते पत्ते त्यांनी त्याच हाताने पुरे केले. ज्या हाताने एके काळी हातभर सरळ रेघ ओढली, त्याच्याच रेघा आता लहरत, अडखळत, मध्येच उसळत जात. ते थांबत, डाव्या हाताने उजवा दाबून धरत, आणि पुन्हा ओढत. मित्रांनो, ते पत्ते माझ्यात आले तेव्हा पहिल्यांदा मला माझ्याच नदीची भीती वाटली.

मी तयार झालो. खेळ जगभर पोचवणाऱ्या एका कंपनीला ठमीने मला दाखवले. पडद्यावरून एक साहेब बोलले. गोड बोलणारे होते. "खेळ उत्तम आहे. आम्ही घेऊ. फक्त शेवटची चित्रं जरा कच्ची वाटतात. रेघा साफ करून घ्या, आजकाल ते सोपं असतं."

ठमीला आनंद आवरेना. मी घराघरांत जाणार, बाबांचे काम सगळे पाहणार, याच विचारात ती होती. तिने संगणकाला सांगून पुराच्या सगळ्या रेघा गुळगुळीत करून टाकल्या. काम खरेच सोपे होते. मला कसे वाटले सांगू? इस्त्रीचा सदरा घालून आरशात पाहावे आणि आतला माणूस ओळखू येऊ नये, तसे.

दुपारी बाबांनी मला उघडले. पुरापर्यंत आले. एकेक पत्ता त्यांनी नीट पाहिला.

"सफाईदार झालंय," ते म्हणाले. एवढेच. मग त्यांनी ब्रश धुतले, फडक्यात बांधले आणि कपाटावर टाकले.

संध्याकाळी ठमी कामावरून आली. आईने तिला पाणी दिले, जवळ बसवले आणि हलक्या आवाजात विचारले, "त्यांनी रंगवलं तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. तू पुसलंस तेव्हा तुझा थरथरला का गं?"

ठमीने पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला. तिने मला उघडले आणि पुराचे पत्ते पाहिले. पाणी सगळीकडे सारखे, शाळेच्या भिंतीवर रंगवतात तसे. तिला रडू आले.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सांगितले, की रेघा आहेत तशाच राहतील. साहेबांचे बोलणे गोडच राहिले, पण त्यांनी मला घेतले नाही. ठमी खिडकीपाशी बाबांकडे गेली.

"बाबा, जुने पत्ते परत घातलेत मी. सरळ रेघांच्या पाण्यात होडी बुडेचना."

"आणि कंपनीवाले?"

"नाही म्हणाले."

"वेडी आहेस का तू? एवढी मेहनत केलीस!"

"मेहनत दोघांची आहे. मला एकटीला ती पुसता येत नाही."

बाबांनी रस्त्याकडे तोंड फिरवले. मग म्हणाले, "ठमे, कपाटावरचे ब्रश काढ. खाली ठेव. वर झुरळं खातात."

मग ठमीने मला स्वतःच जगात सोडले. सुरुवातीला कुणी फिरकले नाही. हळूहळू एकाने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला. दूरदूरची माणसे माझ्या होडीत बसू लागली, बुडू लागली, 'आणखी एक खेप' म्हणत पुन्हा निघू लागली. कुणी लिहिले, पुराचा पत्ता आला की पाय वर घ्यावेसे वाटतात. एका खेळाडूने तर विचारले, "हे थरथरणारं पाणी कुठल्या सॉफ्टवेअरने केलंत?" ठमीने ते वाचून दाखवले. बाबा ठसका लागेपर्यंत हसले.

"सांग त्याला," ते म्हणाले, "त्या सॉफ्टवेअरला वेळच्या वेळी गोळ्या द्याव्या लागतात!"

ते माझे सुखाचे दिवस. पण सगळ्यांचे दिवस पालटतात, तसे माझेही पालटले. नवे संगणक आले. त्यांची भाषा मला कळेना, माझी त्यांना. लोक मला उघडायला जात आणि समोर नुसता काळा चौकोन येई. "खेळ बंद पडलाय, कुणी आहे का?" असे निरोप येत आणि तसेच पडून राहत. ठमीला दोष देऊ नका. बाबांचा आजार वाढला होता. त्यांना जेवू घालायचे, फिरवून आणायचे, नोकरी सांभाळायची, यातच तिचा दिवस सरे. मी घरातल्या जुन्या लॅपटॉपवर तेवढा उरलो. आई खेळायची आणि बाबा शेजारी बसून पाहायचे. एके दिवशी तो लॅपटॉपही सुरू होईना. आईने त्यावर एक रुमाल पांघरला आणि तो बाजूला ठेवला. अंधारात पडल्या पडल्या मला वाटले, आता आपली शेवटची होडी बुडाली.

मला वर काढले बाबांनीच. तोवर त्यांचे बोलणे पुसट झाले होते, कान तोंडाजवळ न्यावा लागे. ते ठमीला म्हणाले, "एक पत्ता राहिला."

"कुठला, बाबा?"

"काठाचा. होडी बुडते, माणूस लगेच परत निघतो. जरा टेकायला नको?"

ठमीने रुमाल बाजूला केला. जुन्या लॅपटॉपमधून मला बाहेर काढले आणि सुट्टीमागून सुट्टी बसून नव्या संगणकांची भाषा मला शिकवली. म्हातारपणी शाळेत बसल्यासारखे झाले होते मला. बाबांना आता ब्रश धरवत नव्हता. आईने बशीत रंग कालवला आणि त्यांचे बोट त्यात बुडवले. बोटानेच त्यांनी काठ काढला: थोडी वाळू, एक वाकडे झाड आणि झाडाखाली उलटी करून वाळत घातलेली होडी. पत्त्याचे नाव ठेवले 'विसावा'.

मित्रांनो, मला तुमच्याकडे मागायचे आहे ते थोडेच आहे. बाहुली कपाटात ठेवली तर ती तिथे राहते. माझ्यासारखा खेळ नुसता ठेवून दिला तर तो मरतो. त्याला कुणीतरी अधूनमधून उठवावे लागते, नव्या जगाशी त्याची ओळख करून द्यावी लागते. तुमच्या जुन्या संगणकात असा कुणी पडला असेल तर एकदा उघडून पाहा. नाही उघडला, तर मोठ्या कुणाची मदत मागा. आणि त्यात कुणाच्या हाताची वाकडी रेघ दिसली तर ती सरळ करायची घाई करू नका. आधी तो हात कुणाचा, हे विचारा.

मी बरा झालो त्या सकाळी तिघे माझ्यासमोर बसले होते. आईने खेप सुरू केली, पुरात होडी उलटली आणि नवा पत्ता समोर आला. खाली 'निघू या' असे बटण होते. ठमीचे बोट तिकडे गेले.

"थांब जरा," बाबा म्हणाले.

ती थांबली. आईने बाबांचा हात आपल्या मांडीवर घेतला. तो थरथरत होता, तसाच राहू दिला. खिडकीतून ऊन येत होते. कुणी बटण दाबले नाही. मी खेळ आहे, मला कुणी खेळले की बरे वाटते. त्या सकाळी मला कुणीच खेळत नव्हते, आणि तितके बरे मला आयुष्यात कधी वाटले नव्हते.