तालायच्या नावाचे बोरसोक

गुरुवार असला की गुलसादा दुपारीच पीठ भिजवून ठेवायची. कोमट दूध, मीठ, यीस्ट, थोडं लोणी, आणि मग परातीवर जुनी शाल टाकून ती चुलीजवळ सरकवायची. सासरा जेक्शेन गेल्यापासून दर गुरुवारी त्या घरात बोरसोक तळले जायचे. गरम तेलाचा वास मेलेल्या माणसापर्यंत पोचतो, घरचे आपल्याला विसरले नाहीत एवढं त्याला कळतं, असं नारीनच्या खोऱ्यात सगळेच धरून चालतात.

त्या गुरुवारी मात्र पीठ मळताना तिच्या हातात राग होता. रविवारी परदेशी कामाला गेलेल्या तिच्या नवऱ्याचा, तालायचा, नोवोसिबिर्स्कहून फोन आला होता. बायकोला नव्हे, आईला. तिकडे त्यानं दुसरी बायको केली होती, तिला दिवस गेले होते. 'गुलसादाला तिच्या माहेरी पाठव, मी तलाक दिलाय म्हणून सांग,' एवढं बोलून त्यानं फोन ठेवला होता. सासूनं, म्हणजे बुबुसाराआपानं, ते जसंच्या तसं सुनेच्या कानावर घातलं आणि तेव्हापासून तोंड शिवून घेतलं. गुलसादाही रडली नाही. धारा काढल्या, शेण काढलं, मुलीच्या वेण्या घातल्या. चार वर्षं नवऱ्याची वाट बघितलेल्या बाईनं आणखी करायचं तरी काय?

गुलसादानं पोळी लाटली, सुरीनं शंकरपाळ्यासारखे तुकडे पाडले. आपा कढईपाशी बसली. तुकडा तेलात पडायचा, तळाशी जायचा आणि टम्म फुगून वर यायचा. एरवी आपा झाऱ्यानं त्यांना हलकेच फिरवायची. आज ती त्यांना मारल्यासारखी टोचत होती.

"फुटतायत, आपा," गुलसादा म्हणाली.

"फुटू देत."

चहा झाला. शेजारची साकिश वासावर आलीच होती. ती आणि गुलसादाची सहा वर्षांची मुलगी मीरिम जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाशी बसल्या. बोरसोक, साय, जर्दाळूचा मुरंबा. आपानं हात पसरून कुराणाच्या आयती म्हटल्या, मग गेलेल्यांची नावं घेतली. सासू, सासरे, नवरा जेक्शेन. आणि त्याच आवाजात, न अडखळता म्हणाली, "आणि माझा मुलगा तालाय." सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. साकिशचा हात मात्र गालावरच थांबला.

मीरिमनं विचारलं, "बाबा मेले?"

"मेला," आपा म्हणाली. "खा."

गुलसादानं मुलीच्या हातातला बोरसोक काढून खाली ठेवला. "मेलेला नाही तो. मीरिम, ऐक, तुझे बाबा जिवंत आहेत. आजी रागावलीय म्हणून बोलली."

"माझ्यासाठी मेला," आपा म्हणाली. "मी जन्म दिलाय, मीच गाडते. तू मध्ये पडू नकोस."

'मेला' एवढंच कानात घेऊन साकिशनं बूट कधी चढवले ते कोणाला कळलंही नाही.

त्या बाईचं तोंड म्हणजे वस्तीचा भोंगा. ऊन कलायच्या आत पहिली माणसं दारात आली. आधी दोन म्हाताऱ्या, मग बाकीच्या. तालायचा शाळासोबती बाकीत घोड्यावरून उतरला आणि फाटकापासूनच हंबरडा फोडत आला, "बंधू रे माझ्या, कुठं गेलास रे." पुरुषानं असंच रडत घरात शिरायचं असतं, आणि तो खरोखरच रडत होता. अश्रू मिशांतून ओघळत होते.

गुलसादा त्याच्यासमोर उभी राहिली. "बाकीत, थांबा. तो मेला नाही."

"मग?"

"दुसरी बायको केलीय."

बाकीतनं बाहीनं नाक पुसलं. "मग मी रडलो कशाला?" असं काहीतरी पुटपुटला आणि घोड्याकडे वळला. म्हाताऱ्यांपैकी एक हसली, दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं. आजवर वस्तीतलं कुणी गुलसादाला नावानं हाकारत होतं, कुणी 'जेक्शेनची सून' म्हणत होतं. उद्यापासून ती हसण्याचा विषय होणार होती.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तालायच होता.

"हे काय चालवलंयस तू? माझ्या मित्रांना फोन करून लोक त्यांचं सांत्वन करतायत. माझ्या नावानं बोरसोक तळतेस? मला मारायला निघालीस?"

नवऱ्याला ती कायम 'तुम्ही' म्हणत आली होती, त्याच्या माघारीसुद्धा.

"तू कोणाशी बोलतोयस?" ती म्हणाली. "चार वर्षं तुझ्या आईची पाठ रगडली, तुझ्या बापाला शेवटचं पाणी मी पाजलं. तेव्हा तुला सुट्टी नव्हती. तलाक द्यायचा तर मला द्यायचा होतास, आईच्या हाती निरोप काय धाडतोस? उद्या दुपारी फोन उचल. मशिदीचे मोल्दो असतील, चार माणसं असतील. त्यांच्या कानांवर तुझ्या तोंडानं सांग."

तिनं फोन ठेवला आणि सासूकडे वळली. आलेली माणसं एव्हाना अंगणात पांगली होती.

"आणि तुम्ही, आपा. तो मेला म्हणजे मी कोण झाले?"

आपानं झारा उचलून कढईत ठेवला.

"विधवा. डोक्याला काळा रुमाल, आणि जन्मभर तुमच्याच चुलीपाशी. जिवंत असला तर मी मोकळी. तुम्ही मला विचारलंत?"

"तू गेलीस तर माझं कोण आहे?" आपाचा आवाज चिरकला. "त्याच्यावरचा राग कुठं काढू मी?"

"त्याच्यावर काढा. फोनवर त्याला एक शब्द बोलला नाहीत तुम्ही. मी ऐकत होते. 'बरं बाळा' म्हणालात."

आपानं मान खाली घातली. गुलसादाला तिची दया आली, आणि दया आली याचाच पुन्हा राग आला.

दुसऱ्या दिवशी मशिदीच्या ओट्यावर, मोल्दोंसमोर, फोनचा आवाज मोठा करून तालायनं तीनदा तलाक म्हटलं. तिसऱ्यांदा त्याचा आवाज बसला होता. गुलसादानं मोल्दोंचे आभार मानले, मीरिमला घेतलं आणि माहेरच्या गावी, आतबाशीला, जाणारी गाडी धरली. आपा फाटकाबाहेर आली नाही.

माहेरी भावजय आठवडाभर गोड वागली, मग भांडी आदळायला लागली. गुलसादानं शाळेच्या स्वयंपाकघरात काम धरलं, मागच्या गल्लीत एक खोली घेतली. राग गेला नव्हता, पण त्याच्यासोबत कामं होत होती.

वसंतात साकिशचा फोन आला. "सांगू की नको असं झालंय बघ. तालाय आला. बायको, तान्हा मुलगा, सगळे. तुझ्या आपानं उंबऱ्यावर नातवाच्या तोंडाला लोणी लावलं. नव्या सुनेच्या डोक्यावरून बोरसोक उधळले. स्वतः तळले गं, सकाळपासून बसून."

"फुगले होते?" गुलसादानं विचारलं.

"काय?"

"काही नाही."

त्या दिवशी तिनं शाळेच्या मोठ्या कढया घासल्या, इतक्या की सोबतची बाई म्हणाली, आता भोक पाडशील. आपा तिच्याशी क्रूरपणे वागली असती तर सोपं झालं असतं. पण आपानं खरोखरच मुलाला गाडलं होतं आणि खरोखरच उकरून घरात घेतलं होतं, आणि दोन्ही वेळा सुनेला कुणी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी तिनं मीरिमला समोर बसवलं. "तुझे बाबा गावात आलेत. तुला एक लहान भाऊ झालाय. भेटायचंय?"

मीरिमनं बराच विचार केला. "तू येशील?"

"फाटकापर्यंत."

"मग जाऊ," मीरिम म्हणाली.

रविवारी गुलसादानं तिला नेऊन फाटकाशी सोडलं. मुलगी आत पळाली. ती स्वतः रस्त्यावर उभी राहिली, घराकडे पाठ करून, मुलगी परत येईपर्यंत.