माझ्या दातांना आलेली मागणी

उभ्या आयुष्यात माझ्या तोंडाचं कौतुक कोणी केलं नव्हतं. माझ्या आईनेसुद्धा नाही. म्हणून कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये एक अनोळखी पोरगी समोर येऊन उभी राहिली आणि "काका, तुमचे दात काय सुंदर घाण आहेत!" म्हणाली, तेव्हा घास माझ्या घशातच अडकला.

सुंदर घाण. शब्द तिचेच.

मी कागदगिरणीतला माणूस. गिरणीला टाळं लागलं तेव्हा आम्हाला सांगण्यात आलं, कॉलेजात जा, नवं काही शिका. मी वेल्डिंगला नाव घातलं. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या आमच्या गावचं कम्युनिटी कॉलेज म्हणजे धर्मशाळाच. कालपर्यंत शाळेत असलेली पोरं, कडेवर लेकरू घेऊन आलेल्या आया आणि माझ्यासारखे गिरणीने बाहेर टाकलेले बाप्ये, सगळे एकाच टेबलावर तेच पाणचट सूप पितात. मी भिंतीकडे तोंड करून बसायचो. हसू आलंच तर तोंडावर हात ठेवायचो. बायको होती तेव्हा म्हणायची, "ल्यूसियन, तू हसतोयस की शिंकतोयस तेच कळत नाही मेल्या."

पोरीचं नाव होदान. सोमाली. डोक्याला गच्च बांधलेला स्कार्फ आणि अंगात निळे कपडे, म्हणजे दात साफ करायच्या कोर्सची. त्या कोर्सची रीतच तशी. शेवटच्या परीक्षेला प्रत्येकीने आपला पेशंट आपण शोधून आणायचा, आणि तोही असातसा चालत नाही. दातांवर वर्षानुवर्षांचं कीटण हवं. स्वच्छ दातांच्या माणसाला तिथे कुत्रं विचारत नाही. त्यामुळे या निळ्या पोरी किराणा दुकानात, बसथांब्यावर, अगदी चर्चच्या पायऱ्यांवरही लोकांच्या तोंडात डोकावत हिंडतात.

"चल, निघ इथून," मी म्हणालो.

"रागावू नका ना. तुम्ही सँडविच चावताना मी बघत होते. खालच्या पुढच्या दातांची तर नुसती भिंत झालीय. शेवटचे डॉक्टरकडे कधी गेला होतात?"

"लग्नाआधी."

"अरे वा!" तिचे डोळे लकाकले. "आणि लग्न कधी झालं?"

एवढा अपमान होऊनही मला हसू आलं. हात तोंडाकडे गेला. ती मान वाकडी करून हाताच्या खालून बघायला लागली. जे झाकण्यात माझा जन्म गेला, तेच नेमकं हिला हवं होतं. मी चकित होऊन "हो" म्हणून बसलो.

पानगळीच्या दिवसांत तिने माझी पहिली तपासणी केली. जीभ फडक्याच्या चिमटीत धरून इकडून तिकडून पाहिली, हिरड्या चाचपल्या. कीटण आणि सैल हिरड्या सोडल्या तर तोंडात काही वावगं नव्हतं. तिच्या शिक्षिका गॅग्नन बाई आमच्याच गल्लीत वाढलेल्या. त्या डोकावून म्हणाल्या, "ल्यूसियन, शाळेत असतानाही तुझ्याजवळ कोणी बसायचं नाही. आता कळलं का." मग होदानकडे वळून म्हणाल्या, "सांभाळ याला. असा पेशंट पुन्हा मिळायचा नाही."

होदानने मला बजावून सांगितलं. एप्रिलमध्ये परीक्षा. तोवर दुसऱ्या कुणाकडून दात साफ करून घ्यायचे नाहीत. त्या दिवशी ताप नको, तोंडात फोड किंवा जखम नको. असली तर पेशंट बाद, आणि पेशंट बाद तर ती नापास. पुन्हा परीक्षा थेट पुढच्या एप्रिलात. इकडे लहान मुलांच्या एका दवाखान्याने तिला नोकरी कबूल केली होती, मेमध्ये पास होऊन ये म्हणून. घरात आई हॉटेलातल्या खोल्या झाडायची आणि मागे तीन धाकटे भाऊ. आली का पंचाईत! एका पोरीची भाकरी माझ्या किटलेल्या दातांना टांगलेली.

पण बडदास्त अशी राहिली की काय सांगू! नवरदेवाची राहत नाही तशी. होदानची आई माझ्यासाठी सांबूसे पाठवायची, म्हणजे सामोसेच, आत मटणाचा खिमा. ब्रिन नावाची दुसरी एक निळी पोरगी मला होदानकडून फोडायला पिझ्झा घेऊन आली. मी पिझ्झा खाल्ला आणि तिला सांगितलं, "बाई, माझं ठरलंय."

फेब्रुवारीत जिभेखाली डाव्या बाजूला काहीतरी टोचायला लागलं. आधी वाटलं, एखादा दात घासत असेल. मग चहा झोंबायला लागला. मग सांबूसा फक्त उजवीकडूनच चावायला लागलो. आरशात बघायची मला सवय नव्हती, म्हणून बघितलंही नाही. होदान दर आठवड्याला कॅन्टीनमध्ये विचारायची, "सगळं ठीक ना काका?"

"एकदम फर्स्ट क्लास."

मी स्वतःला फार शहाणा समजत होतो. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायच्या, एप्रिल निभावून न्यायचा, मग काय ते बघू. तोंडात जखम असली तर पेशंट बाद, हा नियम मला पाठ होता आणि मी बाद होणार नव्हतो. गिरणी बंद झाल्यापासून कुणाला माझी गरज पडली नव्हती.

परीक्षेच्या दिवशी मी दाढी करून गेलो. हॉलमध्ये खुर्च्यांच्या रांगा, प्रत्येक खुर्चीत कुणी ना कुणी आ वासून पडलेला. होदानने माझ्या गळ्याखाली कागदी रुमाल बांधला. तिचे हात गार पडले होते.

"घाबरलीस?"

"तुम्ही गप्प बसा. तोंड उघडा."

आधी तोंडाची तपासणी, मग दात, असा क्रम. तिने जीभ धरली, उजवीकडे ओढली आणि थांबली. दिवा जवळ घेतला. बोटाने दाबलं. मी खुर्चीचे हात घट्ट धरले, पण आवाज काढला नाही. तिने पुन्हा दाबलं, या वेळी हळू. मास्कच्या वरून तिने माझ्याकडे पाहिलं.

"हे कधीपासून आहे?"

जीभ सुटल्यावर मी कुजबुजलो, "काही नाही गं, दात लागलाय. तू दात साफ कर आधी. नंतर बोलू."

"काका, हे कडक लागतंय."

"दुपारी सांग ना! आभाळ कोसळतंय का दुपारपर्यंत? तुझी परीक्षा होऊ दे. मी कुठे जात नाही."

बाजूच्या खुर्चीत ब्रिनच्या अवजारांची खरवड सुरू झाली होती. होदानच्या ताटात तिची अवजारं ओळीने मांडलेली होती, एकालाही हात न लागलेली. तिने हात वर केला.

गॅग्नन बाई आल्या. त्यांनी पाहिलं. मला वाटलं होतं, शाळेतली एखादी आठवण काढून टोमणा मारतील. त्यांनी थेट परीक्षकाला बोलावलं. त्यानेही पाहिलं, कधीपासून ते विचारलं, आणि मला फेब्रुवारी कबूल करावा लागला. कुणी माझ्या दातांकडे बघेचना.

"पेशंट बाद," तो परीक्षक म्हणाला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, "आजच्या आज हॉस्पिटलमध्ये जा. आजच्या आज."

रोगाचं नाव त्या हॉलमध्ये कुणी घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. माझ्या कानात नुसतं गिरणीच्या यंत्रासारखं घुमत होतं आणि त्यातून एकच विचार वर येत होता, की पोरगी नापास झाली.

बाहेरच्या व्हरांड्यात तिने मला गाठलं. स्कार्फ सुटला होता. ती एवढ्या मोठ्याने ओरडली की वेल्डिंगची पोरंही थबकली.

"दोन महिने! दोन महिने मला फर्स्ट क्लास सांगत होतात! का?"

"तू नापास झाली असतीस."

"मग आता काय झालं?"

मी गळ्यातला कागदी रुमाल सोडवायला लागलो.

"तुम्हाला काय वाटलं, मला फक्त तुमचे दात हवे होते?"

"हो," मी म्हणालो. खरंच तसं वाटत होतं. तिनेच तर मागितले होते.

ती मटकन बाकावर बसली आणि निळ्या बाहीत तोंड खुपसून रडली. नंतर उठून मला गाडीत घातलं आणि हॉस्पिटलला नेलं.

तिथे जिभेचा कण तपासायला घेतला, आणि आठवड्याने होदानबरोबर निकाल ऐकायला गेलो तर जे वाटलं होतं तेच निघालं, कॅन्सर. डॉक्टर म्हणाला, जिभेचा तुकडा काढावा लागेल, पण लवकर सापडलंय, आणखी थांबला असता तर गोष्ट वेगळी असती. हे मी कसंबसं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "पुढे जबड्यावर रेडिएशन द्यायचंय, मग दात काढले तर जखम भरत नाही, तेव्हा हे असले सैल दात आता ठेवता येणार नाहीत. सगळे काढू. सोमवारी."

"सगळे?"

"सगळे."

मी हसायला लागलो. डॉक्टर घाबरला, होदानही. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात, माझी तऱ्हा त्याहून निराळी. ज्यांना जन्मात पहिल्यांदा कुणी मागणी घातली, तेच आता बादलीत जाणार. हसता हसता मला रडू कोसळलं आणि तिच्यासमोर रडल्याची लाज वाटली.

होदानने डॉक्टरला एकच विचारलं, "काढायच्या आधी साफ केले तर?"

"तर उत्तमच. स्वच्छ तोंडात जखम लवकर भरते."

शनिवारी गॅग्नन बाईंनी कॉलेजचा दवाखाना आमच्यापुरता उघडला. परीक्षक नाही, मार्क नाहीत. लहान मुलांचा तो दवाखाना होदानसाठी वर्षभर थांबणार नव्हता आणि तिची नोकरी गेलेली होती. पुढच्या एप्रिलपर्यंत ती आईबरोबर हॉटेलात खोल्या झाडणार होती. मी म्हणालो, "पोरी, परवा फेकायचे आहेत ते. कशाला जीव काढतेस?"

"तोंड उघडा."

सकाळपासून दुपार कलेपर्यंत ती खरवडत होती. दुखणारी बाजू तिने अशी सांभाळली की मला मध्येच डुलकी लागली. गॅग्नन बाई मागे उभ्या होत्या, आणि मधूनमधून नुसतं "हं" म्हणत होत्या.

शेवटी तिने आरसा हातात दिला.

मला तो माणूस ओळखू येईना. दात पिवळट होते, वाकडेही होते, पण एकेक सुटा होता. आणि वरच्या पुढच्या दोघांमध्ये फट होती. ती माझ्या बाबांची फट. हसताना त्यातून ते शीळ घालायचे. मलाही ती होती हे मी पार विसरलो होतो.

"हे माझे?"

"तुमचेच की."

मला हसू आलं आणि सवयीने हात तोंडाकडे गेला. होदानने तो मनगटाला धरून खाली ओढला.

"सोमवारपर्यंत झाकायचं नाही," ती म्हणाली.